राखलेला हात

“मालिशवाली” म्हटलं तर मला आता राग येत नाही. इतक्या वर्षांत तो झिजून गेला. पण कोणी पेशंटकडे बघून “छान केस आहे हं” म्हणालं, की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. छान काय असतं हो त्यात? माणसाचा गुडघा वाकत नाही, हे छान? बाईला स्वतःची वेणी घालता येत नाही, हे छान? या शब्दांपायी एका विणकर बाईचा उजवा हात कायमचा जायची वेळ आली होती. मी तिथेच होते, म्हणून सांगते.

नव्वदचं दशक सरत आलेलं. मी नाशिकला फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होते. वडील ओझरला विमानांच्या कारखान्यात फिटर, आणि मी रोज एसटीने ये-जा करायचे. हा कोर्स घेतला तेव्हा आमच्या कॉलनीत कोणाला त्याचं नावसुद्धा धड घेता येत नव्हतं. मामा तर तोंडावरच म्हणाला, “साडेचार वर्षं शिकून शेक द्यायचा? अगं, आमच्या गल्लीतली म्हातारी तव्यावर फडकं तापवून देते, ती कुठल्या कॉलेजात गेली होती?” मी म्हटलं, “मामा, तुझी कंबर धरेल ना, तेव्हा त्या म्हातारीकडेच जा.” आईने डोळे वटारले. पण मी आहेच अशी. जिभेला हाड नाही.

आणि अभ्यास काय थोडा होता? पहिल्या वर्षी हाडं. एकेका हाडावरच्या खाचा, उंचवटे, कुठला स्नायू कुठून निघतो आणि कुठे जाऊन चिकटतो, सगळं घोकायचं. एकदा एसटीत पिशवीतून खांद्याचं हाड काढून बघत बसले, तर शेजारची बाई देवाचं नाव घेत उठली आणि ओझरपर्यंत उभी राहिली. पुढे एकमेकींचे सांधे मोजायला शिकलो. त्याचं एक साधन असतं, दोन पट्ट्या एका टोकाशी खिळ्याने जोडलेल्या. सांधा किती अंश वाकतो ते त्याने मोजायचं. मला ते काम फार आवडायचं. वडील कारखान्यात पत्रा मोजायचे, मी माणसांची कोपरं मोजायचे.

आमचं हॉस्पिटल धर्मादाय होतं. जिल्हाभरातून लोक यायचे. आमच्या विभागाच्या प्रमुख मॅडम हुशार, यात वादच नाही. आणि हात हा तर त्यांचा लाडका विषय. शिकवताना स्वतःची बोटं हलवत सांगायच्या, “प्लास्टर निघालं की पहिले काही आठवडे सोन्याचे. तेवढ्यात बोटं हलवली नाहीत तर सगळं आखडून बसतं, आणि मग ब्रह्मदेव आला तरी ती वळत नाहीत.” वाक्य त्यांचंच बरं का. पुढे त्यांनाच ते नकोसं झालं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. प्रात्यक्षिक परीक्षेला खरे पेशंट लागतात. बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक येतात. चिठ्ठी काढायची, वाट्याला येईल तो पेशंट तपासायचा, मोजायचा आणि काय उपचार देशील ते सांगायचं. म्हणून परीक्षेच्या आधीच चांगले पेशंट हेरून ठेवत. याला आमच्याकडे ‘केस राखणं’ म्हणत. एरवी त्यात कोणाचं काही बिघडत नसे. जुन्या लकव्याचे एक आजोबा वर्षानुवर्षं परीक्षेला यायचे, चहा-बिस्किटं खायचे, आणि एखादी मुलगी अडखळली की हळूच पुटपुटायचे, “डावी बाजू म्हण गं, डावी.” त्यांचं जे व्हायचं ते होऊन चुकलं होतं. त्यांना राखलं काय न् न राखलं काय.

त्या हिवाळ्यात येवल्याची एक बाई आली. चाळिशीची असेल. ओल्या अंगणात घसरून हातावर पडली, मनगट मोडलं, आमच्याच हॉस्पिटलात प्लास्टर घातलं. हाड छान जुळून आलं होतं. पण प्लास्टर काढलं तर बोटं सुजलेली, कातडी ताणून चकचकीत झालेली आणि मूठ मिटायचं नाव नाही. पाचही बोटं गाजरासारखी ताठ.

तिच्या घरी पैठणीचा माग होता. साडीचं अंग नवरा विणायचा, पदर मात्र हिचा. पदरावरचा मोर काढायचा तर रंगीत रेशमाच्या बारक्या कांड्या एकेक करून ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून न्याव्या लागतात. ते सगळं बोटांचं काम, यंत्राचं नाही. मला म्हणाली, “ताई, साडी मागावर तशीच हाय. पदर अर्ध्यात हाय. ह्यांना पदर जमत नाय. बोटं वळतील ना वो माझी?”

मी म्हटलं, “वळतील मावशी. न वळायला काय झालं? प्लास्टर नुकतंच निघालंय. रोज या, आपण कामाला लागू.” मी शब्द दिला तिला. उपचारासाठी ती मखमलाबाद रोडला बहिणीच्या घरी येऊन राहिली. बहिणीच्या घरचा भाजीचा मळा होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तो हात पाहिला. उलटा केला, सुलटा केला, दाबून पाहिला. त्यांचा चेहरा एकदम खुलला. “छान केस आहे. राखा हिला.” मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “परीक्षा होईपर्यंत फक्त मेणाचा शेक द्यायचा. व्यायाम नाही. बोटं सुटली तर परीक्षेला काय दाखवायचं?”

मला आधी वाटलं, मॅडम थट्टा करतायत. आमच्याकडे मेण पातळ करून त्यात हात बुडवतात, वर टॉवेल गुंडाळतात, आणि थोड्या वेळाने ते मेण मोज्यासारखं सोलून काढतात. ऊब लागते, ठणका कमी होतो, सांधे जरा सैल होतात. पण ते सगळं व्यायामाआधी करायचं. नुसतं मेण लावून पाठवून देणं म्हणजे कणीक भिजवायची आणि पोळ्या लाटायच्याच नाहीत. हे पहिल्या वर्षाच्या पोरीलाही कळतं. मी केबिनमध्ये गेले.

“मॅडम, परीक्षेला अजून तीन आठवडे आहेत. तुम्हीच शिकवलंत ना, सुरुवातीचे आठवडे—”

“मी काय शिकवलं ते मला शिकवू नकोस. परीक्षेनंतर आपण तिला नीट बघणारच आहोत.”

“तोवर बोटं आखडली तर?”

“अगं, आपल्याकडे आली नसती तर घरी तशीच बसली असती ती. फुकट उपचार मिळतायत तिला. आणि बाहेरचे परीक्षक येणार, त्यांना काय नुसती खांदेदुखी दाखवू? कॉलेजच्या नावाचा प्रश्न आहे.”

मी तरातरा बाहेर आले. फुकट म्हणे! काय देत होतात हो फुकटात? बोटं जिथल्या तिथे ठेवायचं मेण? आणि कॉलेजचं नाव! बाईचा हात गेला तरी चालेल, पण नाव राहिलं पाहिजे. मी मैत्रिणींना सांगितलं तर एक म्हणाली, “तू कशाला पडतेस मध्ये? वर्ष घालवायचंय का?” दुसरी म्हणाली, “बरंच आहे की, सराव होईल.” आणि झालाही सराव! रोज सकाळी मेण सोललं की आमच्या वर्गातल्या मुली एकामागून एक यायच्या आणि तिची बोटं मोजायच्या. वाकवायची नाहीत, फक्त मोजायची. चारच दिवसांत तिच्या एकेका पेराचे अंश सगळ्यांना पाढ्यांसारखे पाठ झाले.

आणि ती बाई! ती पदर सावरून बाकावर बसायची, हात पुढे करायची आणि कौतुकाने आमच्याकडे बघायची. एकदा मला म्हणाली, “एवढ्या डाक्टरीणबाया रोज माझा एकटीचा हात बघत्यात. येवल्यात कुणी इचारलं नसतं.” मला तिथेच ओरडावंसं वाटलं. हिला वाटतंय आपली केवढी सेवा चाललीय, आणि आम्ही तिचा हात लोणच्यासारखा बरणीत घालून ठेवलाय.

त्या दिवशी दुपारी मी तिला गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीवर गाठलं. सरळ सांगितलं, आडपडदा न ठेवता. की मावशी, तुमच्या हातावर उपचार चाललेलेच नाहीत. परीक्षेला दाखवायचा म्हणून तो असाच ठेवलाय.

तिला आधी खरंच वाटेना. “म्याडम तर किती गोड बोलत्यात,” म्हणाली. मग कप खाली ठेवला आणि डाव्या हाताने आपली उजवी बोटं चाचपली. मला वाटलं, आता ही रडणार. पण नाही. मान वर करून म्हणाली, “मंग जाऊ का निघून?”

प्रश्न रास्तच होता. पण जाणार कुठे? हाडाचे डॉक्टर इथले, एक्स-रे इथले. भांडून गेली तर पुन्हा दारात कोण उभं करणार? दोघींनी चहावर बसून विचार केला आणि ठरवलं. मेण लावायला रोज यायचं. मेणाने हात सैल झाला की तडक बहिणीकडे जायचं आणि खरं काम तिथे करायचं. मी तिला टपरीवरच शिकवलं. हात उशीवर उंच ठेवायचा, सूज उतरायला. डाव्या हाताने उजवं बोट धरून हळूहळू वाकवायचं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत नाही, पण ताण जाणवेल इतकं. आणि मळ्यातल्या जुड्या बांधायच्या. आधी कांद्याची पात, कारण जाड जुडीला मूठ अर्धीच मिटावी लागते. ती जमली की मेथी. मेथी जमली की कोथिंबिरीच्या बारक्या जुड्या. असला व्यायाम कुठल्या पुस्तकात नाही, पण तत्त्व पुस्तकातलंच होतं, आणि मॅडमनीच शिकवलेलं.

रोज ती बहिणीकडे निघाली की टपरीवर पाच-दहा मिनिटं आमचा वर्ग भरायचा. मॅडमची स्कूटर गेटातून निघाली की मी पाठ फिरवून उभी राहायचे, चोरी केल्यासारखी. चोरी कोण करत होतं आणि लपत कोण होतं, बघा! आठवड्यात सूज उतरली. दुसऱ्या आठवड्यात ती हसतच आली. “बहीण वरडती माझ्यावर. म्हणती, तुझी पात लय ढिली बांधलेली, बाजारात जाऊस्तोवर सुटती. तिला म्हणलं, थांब, मेथीवर येऊ दे मला.” आणि आली की मेथीवर.

पण ओपीडीत मात्र तिने असं काही सोंग वठवलं की बास. मुली मोजायला आल्या की हात लाकडासारखा धरायची आणि बोटाला नुसता स्पर्श झाला तरी “आई गं!” म्हणून कळवळायची. मुली घाबरून हात काढून घ्यायच्या आणि पाठ असलेले आकडेच पुन्हा लिहायच्या. मी तिला असं कर म्हणून सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच सुचलं. मॅडम खूश. “बघा, जराही बदल नाही,” असं त्या म्हणाल्या तेव्हा मी खिडकीबाहेर बघत राहिले.

परीक्षेचा दिवस उजाडला. मी चिठ्ठी काढली आणि उघडली, तर ‘उजवा हात’. समोर पडद्याआड मावशी बसलेली, ठेवणीतलं लुगडं नेसून, देवळात आल्यासारखी. मी साधनं घेऊन तिच्यासमोर बसले. तिने इकडेतिकडे बघितलं आणि वाकून हळूच विचारलं, “ताई, कसा धरू? रोजच्यासारखा, का खरा?”

खोटं कशाला बोलू, क्षणभर डोक्यात आलं. जुने आकडे पाठ होते. ते लिहिले असते, उपचार घडाघडा म्हणून दाखवले असते, आणि सुटले असते. पण मग ज्याच्यासाठी एवढं केलं त्याचं काय? मी म्हटलं, “खरा धरा मावशी. आता सोंग पुरे.”

तिने मूठ मिटली. तर्जनी, मधलं, अनामिका, तिन्ही बोटांची टोकं तळहाताला लागली. करंगळी तेवढी मागे राहिली. टोकापासून तळहातापर्यंतचं अंतर मी पट्टीने मोजलं. बोटभर होतं. मग खाली मान घालून एकेक पेर मोजलं आणि जसं होतं तसं लिहिलं.

मॅडम आतल्या परीक्षक. त्यांनी माझा कागद पाहिला आणि भुवया चढवल्या. “मोजायला येत नाही का अजून? पुन्हा मोज.” बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी स्वतःच खुर्ची ओढली आणि बाईला म्हणाले, “मूठ वळा बघू.” तिने वळली. मॅडमचा चेहरा खर्रकन उतरला.

“अरे वा,” परीक्षक म्हणाले. “बरंच सुटलंय की. काय उपचार दिले हो?”

मी तोंड उघडायच्या आत मावशी बोलली. माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, “म्याडमच्या शेकानं झालं, सायेब. रोज मेण लावत्यात. लय गुण आला.”

ती मला वाचवत होती. जिने तिचा हात राखून ठेवला तिच्या पदरात पुण्य टाकून मला वाचवत होती! आणि मॅडम? त्यांनी मान डोलवली हो. “हो, वॅक्सला रिस्पॉन्स चांगला आहे तिचा,” म्हणाल्या. निर्लज्जपणालाही काही मर्यादा असते.

परीक्षक माझ्याकडे वळले. “सांग, या हाताला आतापर्यंत कोणता उपचार दिला गेला, आणि यापुढे तू कोणता देशील?”

“आतापर्यंत या विभागात कोणताही उपचार दिला गेला नाही, सर,” मी म्हटलं. “ही केस परीक्षेसाठी राखून ठेवली होती. नुसत्या मेणाने मूठ मिटत नाही. हिने घरी मेथीच्या जुड्या बांधून ती मिटवलीय. करंगळीला उशीर झाला, तो राखल्यामुळेच झाला. यापुढे तिच्यावरच काम करायला हवं.”

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मॅडमकडे बघितलं. आणि मग काय म्हणाले माहीत आहे? “ठीक आहे. नेक्स्ट.” एवढंच! मी इतकी वर्षं त्या माणसावरही रागावलेली आहे. त्यांना सगळं समजलं होतं, मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं होतं. पण दुपारी मॅडमच्या शेजारी बसून जेवायचं होतं ना.

निकाल लागला. लेखी परीक्षेत वर्गात पहिल्या दोघींत, आणि प्रात्यक्षिकात नापास. मॅडम व्हरांड्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “शिस्त शिकायला सहा महिने कमी नाहीत.” घरी आई रडली. मामा म्हणाला, “शेकात नापास झाली?” वडील मात्र हातपाय धुऊन आले, जेवायला बसले आणि सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं. शेवटी एवढंच विचारलं, “मोजलं बरोबर होतंस ना?” मी म्हटलं, “हो.” “मग जेव,” म्हणाले. कारखान्यात त्यांनी कधी खोटं माप सोडलं नव्हतं.

नापास झालेल्यांनाही ओपीडी चुकत नसे, म्हणून मी रोज जातच होते. महिन्याभराने एक दिवस मावशी आली, हाडाच्या डॉक्टरांना शेवटचं दाखवायला. मला बघून दुरूनच हसली. “ताई, मोर झाला वो! पदर उतरला मागावरून. तुम्ही पास झाल्या ना? पेढे कुठं हायेत?”

मी सांगितलं. कशामुळे तेही सांगितलं, कारण तिने खोदून खोदून विचारलं.

तिचं हसू मावळलं. पिशवी माझ्या हातात दिली, पदर खोचला, आणि मी “मावशी, जाऊ द्या, मावशी” म्हणत मागे धावेपर्यंत ती मॅडमच्या केबिनमध्ये घुसलीसुद्धा. मी दारातच थांबले. आत शिरायची माझी हिंमत झाली नाही आणि तिला थांबवायची इच्छाही.

“ओ म्याडम! माझ्या हातापायी ह्या पोरीला नापास केलं म्हणं तुम्ही?”

“हे बघा बाई, परीक्षेचं तुम्हाला काही कळत नाही—”

“नसंल कळत. मला मागाचं कळतं. आमी साडी लावली तर पुरी करतो. कुणाला दाखवायला म्हणून अर्धी ठेवत नाय. तुमी रोज माझा हात मेणात घातला, मोजला अन् परत ठिवून दिला. मी काय वाणसामान हाय, फडताळात ठेवायला? हितं माझं पोट हाय, ह्या बोटांत! अन् तुमाला ते ठावं होतं, तरी ठिवलं. ह्या पोरीला ठावं झालं तर तिनं सांगितलं, म्हणून ती नापास?”

आणि तिने मॅडमच्या टेबलावर दाणकन मूठ आपटली. काचेखालचे फोटो हलले. मॅडम खुर्चीत मागे सरकल्या आणि त्यांची नजर त्या मुठीवर खिळली. माझीही तिथेच गेली, सवयीने. पट्टीची गरज नव्हती. करंगळी तळहाताला टेकली होती.